लाल रेघा

आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही उघडली, की २०१९ सालचा पूर कुठवर आला होता ते कळतं. भिंतीवरची खूण दोनदा चुना दिल्यावर गेली. नोंदवहीत मात्र पानापानावर लाल शाईच्या रेघा आहेत. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिल क्रमांक, शेरा असे रकाने. त्यांच्यावरून डावीकडून उजवीकडे गेलेली एक सरळ लाल रेघ, आणि शेऱ्यात तीन शब्द : 'पुरात भिजून बाद'. अशा चारशेच्या वर रेघा आमच्या ग्रंथपालांनी पट्टी धरून मारल्या. त्या दिवशी त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

रेघा सलग नाहीत, कारण कपाटात पुस्तकं विषयवार लावलेली असतात, दाखल क्रमांकानं नाही. जड ग्रंथ खालच्या फळीवर ठेवायचे, नाहीतर कपाट पुढं कलतं. म्हणून कोश, जाडजूड चरित्रं, दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे खाली. आणि सगळ्यांत खाली मुलांची पुस्तकं, कारण पहिली-दुसरीतल्या पोराचा हात तेवढाच पोचतो. पाणी नेमकं तिथवर आलं. आमची सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत जास्त फिरणारी पुस्तकं एकदमच गेली.

गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. मी प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून या वाचनालयाचा कार्यवाह आहे. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली, लोखंडी कपाटं, दोन लांब टेबलं आणि आमच्या ग्रंथपाल. सगळं गाव त्यांना वहिनी म्हणतं, मीही म्हणतो. शासनाच्या दप्तरी आम्ही 'ड' वर्ग.

पूर ओसरल्यावर आम्ही कुलूप काढलं तेव्हा कपाटाचं दार उघडलं, पण पुस्तक निघेना. कागद पाणी पिऊन फुगतो. फळीत बसवलेली पुस्तकं एकमेकांना अशी आवळून बसली होती, की वरच्या फळीच्या पत्र्याला बाक आला होता. दुसरी निघावीत म्हणून पहिलं फाडून काढावं लागलं. मुलांची चित्रांची पुस्तकं गुळगुळीत कागदावर छापलेली, ती वाळली ती वीट होऊन. साध्या कागदाच्या कादंबऱ्या शाळेच्या गच्चीवर एकेक पान उलटत वाळवल्या. त्यांतल्या काही तगल्या. आजही त्या देवघेवीत आहेत. पानांवर चहाच्या रंगाचे डाग आहेत, आणि पावसाळ्यात उघडल्या की गाळाचा वास येतो.

भिजलेलं पुस्तक टाकून मात्र देता येत नाही. ते लोकांच्या पैशाचं आहे. कार्यकारिणीचा ठराव करायचा, दाखल क्रमांक आणि किमतीसकट यादी करायची, ती जिल्ह्याच्या कार्यालयाला पाठवायची, मग निर्लेखन, म्हणजे पुस्तक रीतसर बाद. तोवर कुजलेले गठ्ठे पोत्यांत भरून खोलीतच. याच दिवसांत दुसऱ्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला सल्ला दिला. "गुरुजी, एवढी पुस्तकं एकदम बाद दाखवू नका. संख्या खाली आली तर मान्यतेचं काय करणार? थोडी थोडी दाखवा." माणूस भला होता आणि भीतीही खोटी नव्हती. सार्वजनिक ग्रंथालयाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, येणारी वर्तमानपत्रं-नियतकालिकं, उघडं राहण्याचे तास अशा मोजमापांवर, आणि वर्गावर ठरतं अनुदान. मी दोन दिवस विचारात होतो. वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला : "कुजलेलं पुस्तक मोजायचं कसं ओ गुरुजी? त्याला पोरं हात लावत्यात." यादी पूर्ण गेली.

इथं पैशाचा हिशेब मांडतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. शासनाकडून येतं ते परिरक्षण अनुदान, वर्षातून दोन हप्त्यांत. मान्य खर्चाच्या ९० टक्के शासन देतं, १० टक्के संस्थेनं उभे करायचे. 'ड' वर्गाला कित्येक वर्षं वर्षाचे ३०,००० रुपये मिळत. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ४८,०००; पुढचा हिशेब याच आकड्यावरचा. यातली निम्मी रक्कम वेतनाची, निम्मी वेतनेतर, आणि वेतनेतरातली निम्मी ग्रंथखरेदीची. म्हणजे पुस्तकांना १२,०००. नवी मराठी कादंबरी तीनशे-चारशे रुपयांना असते, म्हणजे वर्षाला तीस-चाळीस पुस्तकांवर जात नाही. उरलेल्या १२,००० मधून पाच वर्तमानपत्रं. रोजचे पंचवीस रुपये धरले तरी वर्षाचे नऊ हजारांवर गेले. राहिलेल्या तीन हजारांच्या आतच बांधणी, नोंदवह्या, लेखापरीक्षकाची फी, वीज, झाडू आणि डांबरगोळ्या.

आणि वेतनाचे २४,०००, म्हणजे महिन्याला २,०००. वहिनी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडतात. तासाला वीस रुपयेही पडत नाहीत. भांगलणीला जाणाऱ्या बाईला याहून जास्त मिळतात, आणि हे वहिनींना पक्कं ठाऊक आहे, कारण हंगामात दुपारच्या वेळी त्या स्वतः भांगलणीला जातात. त्यांनी ग्रंथालय प्रशिक्षण वर्ग पूर्ण केला आहे, प्रमाणपत्र वाचनालयाच्या भिंतीवर आहे. वाढ होण्याआधी त्यांना महिन्याला साडेबाराशे मिळत होते. त्या वर्षांत त्या का आल्या, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारू शकलो नाही.

त्यांचं काम मात्र मी जवळून पाहिलं आहे. सकाळी आठला कुलूप निघतं. आधी वर्तमानपत्रांवर शिक्का आणि तारीख, मग ती पट्टीत अडकवून टेबलावर. साखर कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले दोघेतिघे घरी जाण्याआधी इथं थांबतात आणि चष्मा सारखा करून आधी ऊसदराची बातमी शोधतात. संध्याकाळी पाचला पोलीस भरतीची पोरं. त्यांना आमचं पुस्तक फारसं लागत नाही, त्यांची स्वतःची असतात. त्यांना टेबल, दिवा आणि घरात मिळत नाही अशी शांतता लागते. सहाला बायका येतात, बचत गटाची बैठक आटोपून. वहिनी पुस्तक देताना मागचं पान उघडून तारखांची चिठ्ठी बघतात आणि विचारतात, "आवडलं का अर्धंच सोडलं?" अर्धं सोडलं असेल तर दुसरं तसलं देत नाहीत. कुणाच्या सुनेला काय वाचायला आवडतं, कुणाच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना मोठं टाइप लागतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. नोंदवहीत यासाठी रकाना नाही.

त्यांनी स्वतः घातलेली एक वही आहे, मागणी वही. वाचक जे पुस्तक मागतो आणि आमच्याकडे नसतं ते तीत लिहायचं, मागणाऱ्याच्या नावासह. ही वही मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि हिच्याच बाबतीत आम्ही सगळ्यांत जास्त कमी पडतो. दुसरा हप्ता आमच्याकडे बहुतेक वेळा मार्च संपता संपता येतो. ३१ मार्चच्या आत खरेदी, बिलं, दाखल नोंदी, सगळं झालं पाहिजे. मग त्या आठवड्यात विक्रेत्याकडे जे शिल्लक आहे त्यातून पुस्तकं उचलायची. मागणी वही पिशवीत असते, पण तीतलं चारांतलं एक मिळतं. एका मुलानं भूगोलाचं एक संदर्भपुस्तक जुलैत मागितलं होतं. ते एप्रिलमध्ये फळीवर आलं. त्याची परीक्षा होऊन गेली होती. तो आला, पुस्तक हातात घेऊन दोन पानं चाळली आणि "राहू दे, धाकट्याला होईल" म्हणाला.

आपल्या भागाला या विषयाचा इतिहास आहे. कोल्हापूर संस्थानात १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात शासनानं ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असं लिहिलं गेलं, पण ग्रंथालयासाठी वेगळा कर ठेवला नाही. कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यात तो आहे. हे मी आधी नुसतं वाचलं होतं, पुढं डोळ्यांनी पाहिलं. आमच्या भावकीतली लेक कर्नाटकात चिकोडीकडं दिली आहे. तिच्या घरची घरपट्टीची पावती एकदा हातात आली. पट्टीखाली ग्रंथालय उपकराची वेगळी ओळ होती, पट्टीच्या सहा टक्के. घरी येऊन मी माझी पावती काढली. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. एवढंच. तिकडं गोळा झालेला उपकर वेळेवर ग्रंथालयापर्यंत पोचत नाही अशी तक्रार नेहमीची आहे, हे मला माहीत आहे. तरी ती ओळ पावतीवर आहे, म्हणून तिथला माणूस ग्रामपंचायतीत जाऊन 'माझे पैसे कुठं गेले' असं विचारू शकतो. २०१९ मध्ये तिथली ग्रामपंचायत ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडं दिली गेली, त्यांना आता 'अरिवू केंद्र' म्हणतात. आमच्याकडं वाचनालय चालवते नोंदणीकृत संस्था, अनुदान देतं राज्य, खोली ग्रामपंचायतीची. छत गळालं तर नेमकं कुणाला विचारायचं, हे दर पावसाळ्यात नव्यानं ठरतं.

ग्रामपंचायतीवर माझा राग नाही. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडं सोपवायचे २९ विषय आहेत, त्यांत विसावा विषय ग्रंथालयांचा. हे मी एका ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखवलं. सरपंच ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ग्रामसेवकांकडं पाहिलं. त्यांनी आराखड्याची फाईल उघडून सांगितलं, "गुरुजी, पंधराव्या वित्त आयोगातला साठ टक्के निधी बंधित. पाणी आणि स्वच्छता सोडून कुठं वापरता येत नाही. राहिलं चाळीस. अबंधितातनं कपाट बसंल, टेबल बसंल. पगार बसत नाही." नियम तसाच होता, अबंधित निधीतूनही वेतन आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. उरतो ग्रामपंचायतीचा स्वनिधी, म्हणजे वसूल झालेली घरपट्टी, आणि त्यावर गटारापासून पाण्याच्या मोटरीपर्यंत सगळ्यांची नजर. मी खाली बसलो. पुढच्या आराखड्यात आमची दोन कपाटं धरली गेली आणि ती खरोखर आली. एका वर्षी मात्र विजेचं बिल भरायचं कुणी यावर बोलणं अडलं आणि काही आठवडे खोलीत वीज नव्हती. भरतीची पोरं टेबलं ओढून दाराशी बसली, उजेड जाईपर्यंत.

महाराष्ट्रात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत, त्यांतली निम्म्याहून जास्त 'क' आणि 'ड' वर्गातली. २०१२ च्या पडताळणीनंतर कित्येक वर्षं वर्ग वाढवून मिळणं थांबलं होतं. आमची पुस्तकं वाढली, सभासद वाढले, वर्ग तोच राहिला. पुढं पूर आला आणि पुस्तकंही गेली. माझं मागणं एकच आहे आणि ते मी प्रत्येक अहवालाच्या शेवटी लिहितो : ग्रंथपालांचं वेतन अनुदानाच्या टक्क्यात बांधू नका, ते तासांवर बांधा आणि दर महिन्याला द्या. पुस्तकं आम्ही दारोदार फिरून मिळवू. पुरानंतर कोल्हापूर-पुण्याच्या वाचकांनी खोकी भरभरून पाठवली होती. खोकी मिळाली, पण ती उघडून, शिक्का मारून, नोंद करून, ज्याला जे हवं त्याच्या हातात देणारी बाई खोक्यातून येत नाही.

पुरानंतर आम्ही मुलांची पुस्तकं वरच्या फळीवर नेली होती. महिनाभरात मुलं यायची बंद झाली. 'ते दे' म्हणून मागायचं तर आधी ते दिसायला लागतं. वहिनींनी ती परत खाली आणली आणि मला म्हणाल्या, पाणी येईल तेव्हा बघू.

पाणी येईल तेव्हा काय करायचं, ते आता ठरून गेलं आहे. जुलै-ऑगस्टात कोयनेच्या विसर्गाची बातमी आली, की वहिनी रोज कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी विचारून फळ्यावर लिहितात. ४० फूट ही इशारा पातळी. आकडा त्याच्या जवळ गेला, की दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरं रांगेनं येतात. खालच्या दोन फळ्या रिकाम्या करून शाळेच्या वरच्या मजल्यावर न्यायच्या. मोठी मुलं कोश घेतात, दोघांत एक. लहानगी आपापल्या आवडीचं एकेक पुस्तक छातीशी धरून चालतात आणि वाटेत उघडून बघत रेंगाळतात, त्यांना कुणी ओरडत नाही. वहिनी सगळ्यांत शेवटी निघतात. दाखल नोंदवही आणि मागणी वही प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून त्यांच्या खांद्याच्या पिशवीत असतात. कुलूप लावतात, एकदा ओढून बघतात आणि पोरांच्या मागं शाळेकडं चालू लागतात.