बागेच्या धंद्यातील भागीदारीण

भोर-वेल्ह्याकडे बंगल्यांच्या बागा आखून देणे हा नवराबायकोने मिळून करण्याजोगा धंदा आहे. तेथे बाग म्हणजे आधी उतार. मावळी पाऊस माती धुऊन नेतो. म्हणून दगडी बांध चुन्याविना रचावा, सांधींतून पाणी निघून जाते. बायको आखणी करते, रोपे जगवते. पावतीवर नाव मात्र नवऱ्याचे! लग्नाने भागीदारी होत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे ती कराराने होते. (त्यात ब्रह्मी बौद्ध जोडप्याचाही उल्लेख आहे, ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानात होता.) करारात वाटा लिहिला नाही तर नफा समसमान, मेहनताना मात्र लिहिल्याखेरीज कोणालाच नाही. तो बाईने सहीपूर्वीच मागावा. बांध रचणाऱ्या गड्यांची मजुरी या नफ्याआधी चुकती करावयाची.