इंजिन बांधून घेतांना : नांदेड-लातूरकडील गृहस्थांसाठीं कांहीं व्यवहारी विचार

मराठवाड्यांतील शेतकरी कुटुंबाचें वैभव पूर्वीं गोठ्यावरून मोजीत असत. बैल रवंथ करीनासा झाला, कीं तें घरांतील वडीलधाऱ्या बाईच्या प्रथम लक्षांत येई आणि मग पुरुषमंडळींची धावपळ सुरू होई. आज त्या गोठ्याच्या जागीं पुष्कळ घरीं ट्रॅक्टर उभा आहे, अंगणांत जीप किंवा मोटार आहे. दसऱ्याचा हार त्यांनाही पडतो. परंतु बैलाचें दुखणें ओळखणारी जी नजर घरांत होती, ती यंत्राच्या बाबतींत अद्याप आलेली नाहीं. इंजिन धूर ओकूं लागलें, तेल पिऊं लागलें, तरी ‘चालतें आहे तोंवर चालूं द्या’ असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. आणि ऐन पेरणींत किंवा उसाच्या वाहतुकींत तें बसलें, म्हणजे जो मिस्त्री प्रथम भेटेल त्याच्या स्वाधीन करून मोकळे होतों. पुढें होणाऱ्या खर्चाचें खापर कधीं नशिबावर तर कधीं मिस्त्रीवर फुटतें. एकत्र कुटुंबाच्या कर्त्यानें याहून अधिक कांहीं जाणून घ्यावें, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

यंत्र आमच्याकडे कसें आलें

रुडॉल्फ डीझेल या जर्मन संशोधकाचें इंजिन ज्या १८९७ सालीं प्रथम यशस्वी रीतीनें चाललें, त्याच सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरील गाडी बार्शीस आली. ती गाडी १९११ सालीं लातुरास पोंचली आणि त्या बाजारपेठेचा भाग्योदय झाला. लातूर-नांदेडकडील मुलूख त्या वेळीं निजामच्या राज्यांत होता. निजाम सरकारच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं अवघ्या २७ बसगाड्यांनिशीं आपली मोटारवाहतूक सुरू केली. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि जेथें वीज पोंचली नव्हती तेथील विहिरींवर मोटेच्या कुरकुरीऐवजीं इंजिनाची धडधड ऐकूं येऊं लागली.

यंत्र आलें म्हणजे तें दुरुस्त करणारा हातही मागोमाग येतोच. आज तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा व नांदेड या मार्गानें यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मालमोटारींनीं गजबजलेला असतो. नांदेडास गुरुद्वाराच्या दर्शनासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून वाहनें येतात. लातुरास डाळ-गिरण्या, तेल-गिरण्या आणि आसपास साखर-कारखाने आहेत. अशा ठिकाणीं बोअरिंग, क्रँक-ग्राइंडिंग व लेथ यांचीं दुकानें भरभराटीस यावींत यांत नवल नाहीं. आपलें इंजिन शेवटीं यांपैकींच एखाद्या दुकानाच्या पायरीवर जाऊन पडतें.

इंजिन झिजतें म्हणजे काय होतें

इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मिनिटाला हजारों वेळां खालींवर होतो. त्याच्यावरील कड्या, ज्यांना कारागीर रिंगा म्हणतात, नळकांड्याच्या भिंतीशीं घासतात. तेलाचा पातळसा थर मध्यें असतो म्हणूनच तें टिकतें. ही झीज सर्वत्र सारखी नसते. वरच्या टोंकाशीं, जेथें स्फोटाची उष्णता व दाब सर्वांत अधिक आणि तेल सर्वांत कमी, तेथें ती अधिक होते. त्यामुळें नळकांडें वर रुंद व खालीं अरुंद, आणि गोल असावें तेथें किंचित् लंबगोल बनतें. मग हवेचा दाब निसटतो, तेल वर चढून जळतें आणि निळा धूर निघतो. काळा धूर दिसला तर इंधन जास्त जातें आहे किंवा हवा कमी पडते आहे असें समजावें. तापलेल्या इंजिनांतूनही पांढरा धूर येत राहिला तर न जळलेलें इंधन किंवा पाणी आंत शिरल्याचा संशय घ्यावा. इंजिनाचें तेल ताकासारखें दिसूं लागलें, तर त्यांत पाणी मिसळलें आहे असें जवळजवळ निश्चित मानावें.

आमच्या भागांत या झिजेला दोन खास कारणें आहेत. पहिलें धूळ. उन्हाळ्यांत नांगरटीच्या वेळीं ट्रॅक्टरभोंवतीं जो लोट उठतो, त्यांत वाळूचे सूक्ष्म कण असतात. हवेची गाळणी तुंबली, फाटली किंवा तिचा रबरी नळ चिरला, तर ते कण थेट नळकांड्यांत जातात आणि कानशीप्रमाणें काम करतात. दुसरें कारण पाणी. बोअरचें जड पाणी रेडिएटरमध्यें ओतण्याची आपली चाल आहे. घागरीच्या बुडाशीं जशी पांढरी खर धरते, तशीच ती इंजिनाच्या पोटांतही धरते; उष्णता बाहेर पडेनाशी होते, आणि एके दिवशीं हेड वांकतें किंवा त्याला चीर जाते. शुद्ध पाणी व योग्य शीतक द्रव यांचा खर्च या नुकसानीपुढें कांहींच नाहीं.

दुकानांत काय घडतें

पुष्कळ गृहस्थांस वाटतें कीं, इंजिन एकच माणूस ‘बांधतो’. खरें पाहतां हें काम दोघांचें आहे. मिस्त्री इंजिन उतरवितो, खोलतो आणि पुन्हां जुळवितो. नळकांडें कांतणें, क्रँक घासणें, हेड सपाट करणें हें यंत्रशाळेचें काम. ग्राहक ओळखतो मिस्त्रीला. यंत्रशाळेचा मालक ओळखतो मिस्त्रीलाच. या दोहोंमधील सांधा हेंच बहुतेक तंट्यांचें मूळ आहे.

नळकांडें कांतून मोठें करणें यास बोअरिंग म्हणतात. पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठें करून त्या मापाचा पिस्टन घालतात. कारागिरांच्या भाषेंत ‘पंचवीस’ आणि ‘पन्नास’. पुष्कळ डीझेल इंजिनांत सुटा लाइनर असतो, तेथें कांतण्याऐवजीं लाइनरच बदलतात. कांतल्यानंतर होनिंग करावें लागतें. त्यानें भिंतीवर एकमेकींस छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेषा उमटतात आणि त्या रेषांत तेल धरून राहतें. आरशासारखी गुळगुळीत भिंत पाहून ग्राहक खूष होतो. पण तेल धरून न ठेवणारी ती भिंत रिंगांस लवकर खाते.

क्रँकची गोष्ट याहून नाजूक. तोही पाव-पाव मिलिमीटरनें घासून लहान करतात व जाड बेअरिंगें बसवितात. प्रत्येक इंजिनाच्या क्रँकला, याच्या पुढें घासूं नये अशी मर्यादा कारखानदारानें घालून दिलेली असते. त्याच्या कांठाशीं जी गोलाई असते ती घासतांना नाहींशी केली, तर तेथूनच क्रँक तुटतो. कांहीं क्रँकांचा पृष्ठभाग मुद्दाम कठीण केलेला असतो; तो थर घासला गेला म्हणजे नवें कामही थोडक्यांत संपतें.

आणि सर्वांत साधी, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्वच्छता. घासण्यानें जो लोखंडाचा व दगडाचा चुरा पडतो, तो क्रँकमधील व ठोकळ्यांतील तेलाच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. त्या वाटा घासून, धुवून, हवेनें फुंकून मोकळ्या केल्या नाहींत, तर इंजिन चालूं होतांच तो चुरा नव्या बेअरिंगांत उतरतो. नवें काम महिन्याभरांत ठोकूं लागलें, कीं पुष्कळ वेळां दोष सुट्या भागांचा नसून न धुतलेल्या वाटांचा असतो.

ग्राहकांचे अनुभव

या दोन जिल्ह्यांतच नव्हे, तर जेथें जेथें हा धंदा आहे तेथें ग्राहकांच्या तक्रारी एकाच वळणाच्या असतात. पहिली शब्दांची. ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ हे शब्द सर्वांच्या तोंडीं आहेत. पण त्यांचा अर्थ दुकानागणिक बदलतो. एकाच्या ‘हाफ’मध्यें हेडचें काम येतें, दुसऱ्याच्या येत नाहीं. ग्राहक एक समजून होकार देतो आणि बिल दुसऱ्याचें येतें.

दुसरी सुट्या भागांची. पिस्टन, रिंगा, बेअरिंगें कोणत्या कंपनीचीं घातलीं हें इंजिन बंद झाल्यावर कोणासच दिसत नाहीं. तिसरी, आणि सर्वांत कडवट, जबाबदारीची. इंजिन पुन्हां बसलें, कीं मिस्त्री म्हणतो ‘बोअरिंग वांकडें झालें’. यंत्रशाळा म्हणते ‘जुळणी चुकली’. आणि दोघे मिळून म्हणतात ‘चालकानें तेल पाहिलें नाहीं’. तिघांपैकीं कोणाचें खरें हें ठरविण्यास कागद नसतो. ज्या घरीं ट्रॅक्टरच्या भाड्यावर एका भावाचा संसार चालतो आणि ज्याचा बँकेचा हप्ता थांबत नाहीं, त्या घरांत ही चर्चा लवकरच दुकानांतून माजघरांत येते. ‘तो मिस्त्री कोणीं सुचविला?’ हा प्रश्न भावाभावांत उभा राहिला, म्हणजे लोखंडाच्या भेगेहून ती भेग भरून काढणें कठीण.

दुसरी बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. चांगला मिस्त्री वेळ मागतो आणि आपण त्यास वेळ देत नाहीं. ‘परवां पेरणी आहे, उद्यां द्या’ असा तगादा लावून त्याच्याकडून मापें न घेतां काम करवून घेणारे आपणच असतों. जुन्याच रिंगा चालवा म्हणणारेही आपणच. ज्या हातास एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा अंदाज येतो, त्या हाताशीं भाजीवालीसारखी घासाघीस करावी हें आपल्या विद्वत्तेस शोभत नाहीं.

काय करावें

इंजिन खोलतांना घरचें एखादें माणूस तेथें हजर असावें. झिजेचीं मापें, क्रँकचें आणि प्रत्येक नळकांड्याचें, लिहून मागावींत. मायक्रोमीटर नसलेल्या दुकानीं हें काम देऊं नये. हेड व ठोकळा यांची चिरेसाठीं दाबाखालीं तपासणी करण्यास सांगावें. कोणतीं कामें होणार त्यांची यादी करावी आणि ‘हाफ-फुल’ हे शब्द तींत येऊं देऊं नयेत. जुने भाग परत मागावेत व नव्या भागांच्या वेष्टनांसह पक्कें बिल घ्यावें. मिस्त्री व यंत्रशाळा यांच्यापैकीं हमी कोणाची, किती दिवसांची, हें आधींच लिहून ठेवावें. ठोकळाच बदलावा लागला, तर इंजिन क्रमांक बदलतो. तो नोंदणीपुस्तकांत बदलून घेतल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणूं नये, आणि बिलाविना मिळणारा जुना ठोकळा कितीही स्वस्त असला तरी घेऊं नये. नवीन तऱ्हेचीं, विजेच्या मेंदूनें इंधन सोडणारीं इंजिनें असतील, तर त्यांचें शिक्षण घेतलेल्या माणसाकडेच जावें.

काम झाल्यावर पहिले कांहीं दिवस इंजिनावर एकदम पूर्ण भार घालूं नये. तसेंच तासन् तास नुसतें धडधडतही ठेवूं नये. मध्यम भारावर चालवून तेल लवकर बदलावें. तेल कधीं घातलें, किती तास चाललें, गाळणी कधीं साफ केली, याची एक वही घरांत असावी. दुधाचा हिशेब जीं माणसें नेटकेपणानें ठेवतात, त्यांच्याच हातीं ही वही द्यावी. वादाच्या वेळीं तीच आपली साक्षीदार ठरते.

कायदा काय म्हणतो

१८७२ च्या करार अधिनियमाच्या १५१ व्या कलमान्वयें, दुरुस्तीस दिलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणें हें दुकानदाराचें कर्तव्य आहे. आणि १७० व्या कलमान्वयें, योग्य रीतीनें केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तु ठेवून घेण्याचा त्यास हक्क आहे. दोन्ही कलमें ध्यानांत ठेवावींत, म्हणजे भांडण मर्यादेंत राहतें. दुरुस्ती ही सेवा असल्यानें ग्राहक संरक्षण कायदाही तीस लागू पडतो. १९८६ चा पहिला कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाहीं आणि वकील केलाच पाहिजे असें नाहीं. स्वतःच्या उपजीविकेसाठीं स्वतः वापरलेलें यंत्र ‘व्यापारी हेतूचें’ मानलें जात नाहीं, ही शेतकऱ्यास मोठी सवलत आहे. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर प्रथम विचारणा करतां येते.

तथापि कायदा हा औषधासारखा. पथ्य तें पथ्यच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगावांत सायकलींचें दुकान काढलें, तेव्हां शिकलेल्या माणसानें हात काळे करावेत ही गोष्ट समाजास विपरीत वाटली होती. आज आपल्या घरांतील किती मुलें टर्नर किंवा मशिनिस्टचा दोन वर्षांचा, अथवा डीझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आनंदानें पत्करतात? नांदेडास गुरु गोविंदसिंहजींच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. पण पदवीधर अभियंत्यांच्या घरींही इंजिनाचें झांकण कसें उघडावें हें कित्येकदां ठाऊक नसतें. जें काम आपण हलकें मानतों त्याची पारख आपणांस येत नाहीं, आणि ज्याची पारख नाहीं त्यांत फसवणूक व्हायचीच. घरांतील एका तरी मुलास किंवा मुलीस सुटीच्या दिवशीं चांगल्या मिस्त्रीच्या शेजारीं उभें राहूं द्यावें. तेथें जें चार दिवसांत कळेल, तें घराला पुढें कित्येक हंगाम पुरेल.