जुन्या मोटरसायकलीतील भागांची अदलाबदल

कोणत्याही यंत्राचे सर्व भाग सारख्या वेगाने जुने होत नाहीत. चेन, ब्रेकचे लायनर, क्लचच्या प्लेटा आणि बेअरिंग हे भाग झिजण्यासाठीच घडविलेले असतात. ते बदलले की यंत्र पुन्हा पूर्ववत चालू लागते. सांगाडा, क्रँककेस, चाकाचे हब हे भाग मात्र पन्नास वर्षेही टिकतात. गाडी जुनी होत जाते तसा एक प्रसंग हमखास येतो. मूळ भाग बाजारात मिळेनासा होतो आणि नव्या गाडीचा तसाच भाग हाताशी असतो. तो बसवावा की नाही, आणि बसविल्यास आणखी काय काय बदलावे लागेल, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

दूरच्या प्रवासाच्या मोटरसायकलींबाबत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. शहरात बिघडलेली गाडी ढकलत नेता येते. जयपूरहून जैसलमेरला जाणाऱ्या सुमारे साडेपाचशे किलोमीटरच्या रस्त्यावर ती सोय नसते. युरोपात १९७६ साली बी. एम. डब्ल्यू. कंपनीने ‘आर १०० आर. एस.’ ही गाडी काढली. तिचे वारा अडविणारे संपूर्ण आवरण वायुबोगद्यातील चाचण्यांच्या आधारे घडविले होते. लांबचे अंतर वेगाने आणि फारसे न थकता तोडणाऱ्या गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग अशा गाड्यांमुळे रूढ झाला. भारतात त्या काळी असा वर्ग नव्हता. येथे ते काम प्रामुख्याने बुलेटने केले.

एकाच साच्याची गाडी

बुलेट ही मुळात इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीची गाडी. १९५५ साली मद्रास येथे तिची जोडणी सुरू झाली आणि पुढे सर्व भाग येथेच तयार होऊ लागले. इंग्लंडमधील कंपनी १९७० च्या सुमारास संपुष्टात आली, तरी मद्रासची बुलेट जवळजवळ त्याच आराखड्यानुसार निघत राहिली. १९९४ साली ही कंपनी आयशर समूहात विलीन झाली. त्या समूहाने जयपूर येथेही बुलेटचा कारखाना काढला होता; चालू शतकाच्या आरंभी तो बंद करण्यात आला. बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन मात्र २०१० च्या सुमारापर्यंत चालू राहिले.

एकच आराखडा इतकी वर्षे टिकल्यामुळे एका पिढीच्या बुलेटचे पुष्कळसे भाग दुसऱ्या पिढीच्या बुलेटला बसतात. जुन्या गाड्या दुरुस्त होऊन चालत राहिल्या याचे हे मोठे कारण होय. त्यातून एक समजही दृढ झाला आहे. जो भाग बसतो तो चालतो, असे अनेकांना वाटते. हा समज नेमका कोठे चुकतो हे एका साध्या उदाहरणाने समजेल.

बसणारा भाग आणि चालणारा भाग

ते उदाहरण जयपूरशीच संबंधित आहे. १९४६ साली या शहरात नॅशनल बेअरिंग कंपनीची स्थापना झाली. आज नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीची ‘एन. बी. सी.’ छापाची बेअरिंगे देशभरच्या वाहनांत वापरली जातात. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार असतो. ६२०५ आणि ६३०५ या क्रमांकांतील शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की २५ मिलिमीटर हा आतील भोकाचा व्यास मिळतो. म्हणजे दोन्ही बेअरिंगे एकाच दांड्यावर बसतात. बाहेरचा व्यास मात्र पहिल्याचा ५२ आणि दुसऱ्याचा ६२ मिलिमीटर असतो. अशी चूक लगेच ध्यानात येते, कारण भाग घरात बसतच नाही.

खरी अडचण त्यापुढे आहे. ६३०५ आणि ६३०५ सी-३ या दोन बेअरिंगांची सर्व बाह्य मापे सारखीच असतात. फरक इतकाच की, सी-३ प्रकारात गोळ्या आणि कडी यांच्यामध्ये थोडी अधिक मोकळीक ठेवलेली असते. इंजिनाच्या उष्णतेने धातू प्रसरण पावतो तेव्हा ही मोकळीक उपयोगी पडते. जेथे सी-३ सांगितले आहे तेथे साधे बेअरिंग बसविले, तर ते अगदी बिनबोभाट बसते, थंड इंजिनात छान फिरते आणि लांबच्या प्रवासात तापून घट्ट होऊ लागते. भागाचे माप जुळणे आणि भागाचे काम जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आट्यांच्या बाबतीतही असेच घडते. जुन्या बुलेटमध्ये ब्रिटिश पद्धतीचे नट-बोल्ट असत. व्हिटवर्थ पद्धतीत आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, तर मेट्रिक पद्धतीत तो ६० अंशांचा. जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट दोन-तीन फेरे सहज जातो. पुढे पान्याने जोर लावला की तो ॲल्युमिनियमच्या केसिंगमधील मूळ आटे कापून टाकतो. काही रुपयांच्या बोल्टापायी न मिळणारे केसिंग निकामी होते.

ताकद आणि तिची किंमत

भाग बदलण्याचे दुसरे कारण गाडीची ताकद वाढविणे हे असते. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर असते. त्यातून ३४६ घन सेंटिमीटर घनफळ आणि सुमारे १८ अश्वशक्ती मिळते. ५०० बुलेटमध्ये धाव ९० मिलिमीटरच आहे. व्यास तेवढा ८४ मिलिमीटर आहे. धाव सारखी असल्यामुळे सिलिंडर, पिस्टन व हेड बदलले की ३५० ची ५०० झाली, असे वाटणे स्वाभाविक आहे.

गणित मात्र निराळे सांगते. पिस्टनचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७० चा ८४ झाला की क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते. वायूचा दाब तोच धरला, तरी कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग यांवरील जोरही तितकाच वाढतो. शिवाय मोठा पिस्टन जड असतो. क्रँकच्या चाकांना दिलेले प्रतिभार हलक्या पिस्टनाच्या हिशेबाने असल्यास इंजिनाचे हादरे वाढतात. ते हादरे सांगाड्याचे वेल्डिंग, दिव्यांच्या तारा आणि स्वाराची मनगटे यांना सोसावे लागतात. वाढलेली ताकद पुढे क्लच, गिअर आणि चेन यांच्यावर येते. सिलिंडर बदलणे म्हणजे या साऱ्या साखळीची पुन्हा तपासणी करणे होय.

याहून कमी खर्चाचा आणि वरचेवर केला जाणारा बदल म्हणजे गिअरबॉक्सवरील स्प्रॉकेट बदलणे. १६ दात्यांच्या जागी १८ दात्यांचे स्प्रॉकेट घातले की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतात. सपाट महामार्गावर इंजिन शांत चालते. मात्र आमेर किंवा नाहरगडच्या चढावर, मागे माणूस आणि सामान असताना, तीच गाडी खालच्या गिअरमध्ये रखडते. येथे ताकद वाढलेली नसते. तिची वाटणी तेवढी बदललेली असते.

वेग वाढविणाऱ्या प्रत्येक बदलाबरोबर थांबण्याचाही विचार व्हावयास हवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग असेल, तर ब्रेकला ५६ टक्के अधिक ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता आतच कोंडते आणि लागोपाठ वापरानंतर ब्रेकची पकड सैल पडते. म्हणून अनेक जण पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवून घेतात. हा बदल योग्य दिशेचा असला, तरी त्यासाठी नुसती डिस्क पुरत नाही. चाकाचे हब, कॅलिपर पेलणारा फोर्क, मास्टर सिलिंडर आणि तेलाची नळी हे सारे एकमेकांशी जुळणारे लागते.

फोर्क बदलला की गाडीची भूमितीही बदलते. आखूड फोर्कने गाडीचे नाक खाली येते, फोर्क अधिक उभा होतो आणि हँडल चपळ, पण वेगात अस्थिर होते. लांब फोर्कने गाडी सरळ रेषेत शांत चालते, पण वळणावर जड वाटते. ब्रेक सुधारण्यासाठी केलेला बदल अशा रीतीने वळण घेण्याच्या गुणावर परिणाम करतो.

उन्हाळा आणि वाळू

राजस्थानात हवामान हाही यंत्राचा एक भाग मानावा लागतो. हवेचे तापमान १५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले की तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल जवळजवळ पूर्वीइतकेच सोडतो. त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, प्लग काळा पडतो आणि गाडी जास्त पेट्रोल खाते. जाणता मिस्त्री अशा वेळी कार्ब्युरेटरची सुई एक खाच खाली आणतो. या साध्या फेरफाराने जे साधते त्यासाठी मोठा कार्ब्युरेटर घालण्याची गरज नसते.

उलट, मूळ एअर फिल्टर काढून उघडा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला, तर मिश्रणात हवा जास्त होते. विरळ मिश्रणावर चालणारे इंजिन जास्त तापते आणि एक्झॉस्ट झडपेची कड जळू लागते. वाळूचे संकट याहून मोठे आहे. वाळूचे कण सिलिंडरच्या भिंतीपेक्षा कठीण असतात. ते तेलात मिसळले की पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांना पॉलिश पेपरप्रमाणे घासून काढतात. आवाज भारदस्त होतो आणि इंजिनाचे आयुष्य कमी होते.

विजेच्या बाबतीत मात्र जुन्या गाडीतील बदल बहुधा हिताचा ठरतो. ३६ वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर तोच दिवा ३ अँपिअरवर जळतो. प्रवाह निम्मा झाला की गंजलेल्या जोडांत वाया जाणारी शक्ती एक चतुर्थांशावर येते. परंतु येथेही बल्ब, हॉर्न, इग्निशन कॉइल आणि बॅटरी हे सर्व एकदम बदलावे लागते. अर्धवट बदल रात्रीच्या रस्त्यावर दगा देतो.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलावयाचे झाल्यास ते त्याच बनावटीचे व प्रकारचे असावे लागते आणि त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची संमती लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरविण्यात आली. झिजलेल्या भागाच्या जागी तशाच गुणाचा भाग बसविणे ही दुरुस्ती होय. गाडीचे मूळ स्वरूपच पालटणे हा फेरबदल होय.

जयपूरमध्ये या दोन्ही वाटा पाहावयास मिळतात. राजपूताना कस्टम मोटरसायकल्स या येथील कार्यशाळेने बुलेटच्या इंजिनाभोवती संपूर्ण नवी रूपे घडवून देशभर नाव मिळविले. दुसरीकडे याच शहरात जुन्या वाहनांची प्रदर्शने भरतात आणि तेथे गाडी मूळ रूपात राखण्याला मान असतो. पहिल्या वाटेवर गाडी ही कारागिराची कलाकृती ठरते, दुसऱ्या वाटेवर ती काळाचा पुरावा ठरते.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. ही सवलत मूळ स्वरूपात राखलेल्या, मोठा फेरबदल न झालेल्या वाहनांनाच मिळते. अशी वाहने नेहमीच्या वाहतुकीसाठी वापरता येत नाहीत. १९७६ साली नोंदलेली बुलेट २०२६ साली पन्नाशी गाठते. तिचा सांगाडा कापून आसन लहान केलेले असेल, तर ती या नोंदणीला मुकण्याचा संभव असतो. उलट, केवळ बोल्टांवर बसविलेला बदल परत फिरविता येतो.

म्हणून जुन्या गाडीचे काम करताना क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी ब्रेक, टायर आणि तारा. मग झिजलेली बेअरिंगे व चेन. ताकदीचा विचार सर्वांत शेवटी. कापणे आणि वेल्डिंग शक्यतो टाळावे. कोणता भाग केव्हा बदलला, तो कोणत्या गाडीचा आणि कोणत्या क्रमांकाचा होता, याची नोंद एका वहीत असावी. पुढचा मिस्त्री त्या वहीवरून भाग मागवू शकतो. काढलेला मूळ भाग भंगारात न देता तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवणे हेही या कामाचेच एक अंग आहे.