पेनड्राइव्ह उघडत नाही तेव्हा
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सगळे येते, असा माझ्या आईचा आणि तिच्या बचत गटातील बायकांचा ठाम समज आहे. गटाचा हिशेब संगणकावर ठेवण्याचे काम याच समजुतीने माझ्याकडे आले. बारा बायका, प्रत्येकीचे दरमहा १०० रुपये, कोणी कर्ज किती घेतले, किती फेडले, व्याज किती झाले, असा दोन वर्षांचा जमाखर्च मी एका पेनड्राइव्हमध्ये ठेवला होता. जुनी वही भरली तेव्हा "आता वही कशाला?" असे मीच मोठ्या शहाणपणाने म्हणाले होते.

गेल्या डिसेंबरात बँकेत हिशेब दाखवायचा होता. आदल्या दिवशी कागद छापून घ्यायला मी एका दुकानात गेले. पेनड्राइव्ह लावला, तो पडद्यावर चौकट आली : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, यस दाबा. त्याशिवाय उघडणार नाही." माझे बोट माउसवर होते. पण मन कचरले. पेनड्राइव्ह काढून घेतला आणि तडक कॉलेजच्या संगणक कक्षात गेले. तेथील सरांनी त्या दुपारी जे शिकवले, ते माझ्यासारख्या कलाशाखेच्या मित्रमैत्रिणींना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पेनड्राइव्ह जोडणे आणि तो उघडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जोडला की त्याला वीज मिळते. मग संगणक त्यातील एक कोष्टक वाचतो. कोणती फाइल कोठे ठेवली आहे, याची नोंद त्या कोष्टकात असते. ती नोंद वाचता आली तरच संगणक त्या डिस्कला आपल्या यादीत घेतो. यालाच डिस्क माउंट होणे म्हणतात. ग्रंथालयातील कार्डांचा खण सांडला तर पुस्तक सापडत नाही, पण पुस्तक कपाटातच असते. पेनड्राइव्हचेही पुष्कळदा असेच होते. दिसत नाही म्हणजे नाहीसे झाले, असे नव्हे.

म्हणून शोध बाहेरून आत घ्यावा. प्रथम खाच बदलावी. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूच्या यूएसबी खाचा आतून वायरीने मुख्य पाटीला जोडलेल्या असतात; मागच्या थेट पाटीवरच असतात. पुढे चालले नाही तर मागे लावून पाहावे. वायरीची हार्ड डिस्क असेल तर वायर बदलून पाहावी आणि मधला हब काढून टाकावा. जुन्या यूएसबी २.० खाचेतून ५०० मिलिअँपिअरच वीज मिळण्याची हमी असते, ३.० मधून ९००. वीज अपुरी पडली की हार्ड डिस्क नुसतीच टिकटिकते आणि उघडत नाही. दुसऱ्या संगणकावर उघडली, तर दोष डिस्कचा नाही हे उघडच आहे.

एवढ्याने भागले नाही, तर विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारली की ते नाव दिसते. तेथे नुसते पाहावे, काही पुसू नये. पेनड्राइव्ह तेथेही मुळीच दिसत नसेल, तर बहुधा आतला जोड किंवा चिप बिघडली आहे. मजकूर मोलाचा असेल तर तो जाणकाराकडेच न्यावा.

कधी डिस्क दिसते, आकारही बरोबर असतो, पण तिला अक्षरच मिळालेले नसते. अक्षर दिले की ती लगेच उघडते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा! (१६ जीबीचा पेनड्राइव्ह १४.९ दिसला तर घाबरू नये. बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ने.)

तिसरा प्रकार म्हणजे डिस्कच्या नावापुढे 'रॉ' असे लिहिलेले असते. कोष्टक वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ. हेच माझ्या पेनड्राइव्हचे झाले होते. येथे एक गंमत सांगते. लिनक्सच्या पद्धतीने तयार केलेली धडधाकट डिस्क विंडोजला लावली, तरी विंडोज 'फॉरमॅट करायची का?' असेच विचारते. तो प्रश्न म्हणजे रोगाचे निदान नव्हे. मला ही भाषा वाचता येत नाही, एवढेच संगणक सांगत असतो. आपण 'यस' म्हटले, की तो नवे कोरे कोष्टक लिहितो. झटपट फॉरमॅटमध्ये जुना मजकूर काही काळ खाली शिल्लक तरी राहतो; परंतु विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहितो. मग काही हाती लागत नाही.

सरांनी आधी पेनड्राइव्हची जशीच्या तशी पूर्ण नक्कल संगणकात उतरवली आणि जे करायचे ते त्या नकलेवर केले. दुरुस्ती करणारी 'चेकडिस्क' मूळ डिस्कवरच लिहिते, म्हणून नकलेआधी ती चालवायची नाही, असे त्यांनी बजावले. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही अशा कामाची साधने फुकट मिळतात. फोटोरेकने काढलेल्या फायलींना मूळ नावे नव्हती. एकेक उघडता उघडता अखेर आमचा जमाखर्च सापडला. शेवटच्या महिन्याच्या नोंदी मात्र गेल्या होत्या. त्या आईने तोंडपाठ सांगितल्या. बाराही जणींना विचारून ताळा घेतला, तो रुपयाला जुळला.

आता दोष कोणाचा? माझाच. एस. टी. चुकेल म्हणून, फाइल लिहिली जात असतानाच मी पेनड्राइव्ह उपटला होता. २०१८ पासून विंडोज १० मध्ये तो पटकन काढता यावा अशी सोय केलेली आहे; पण लिहिणे चालू असताना काढला तर तिचा उपयोग नाही. 'इजेक्ट' करून निरोप येईपर्यंत थांबायला काही सेकंद लागतात. अति घाई संकटात नेई, ही पाटी मी रोज एस. टी.तून वाचत होते!

रात्री सारे आईला सांगितले. फॉरमॅट, कोष्टक, नक्कल हे तिला कसे समजावे, या चिंतेत मी होते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पाटी पुसायच्या आधी वहीत उतरवून घ्यावं, एवढं आम्हांला बी कळतंय की गं."

दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना तिने नवी वही घेतली. आता हिशेब वहीत असतो, संगणकात असतो आणि पेनड्राइव्हमध्येही असतो. वहीतली अक्षरे आईची आहेत. ती आता माझ्याकडून लिहायला शिकते आहे.