समजून घ्या : पेबल बीचचा गोल्फ कोर्स इंग्रजी आठसारखा का?

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच रिसॉर्टचा गोल्फ कोर्स १९१९मध्ये खुला झाला. सॅम्युअल मोर्स यांनी किनाऱ्याची मोक्याची जमीन बंगल्यांना न विकता खेळासाठी राखली. जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या हौशी खेळाडूंनी मार्ग इंग्रजी आठसारखा वळवला, म्हणजे जास्तीत जास्त होल समुद्रालगत येतील. (होल म्हणजे नुसता खड्डा नव्हे, पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा सगळा पट्टा.)

एक प्लॉट मात्र आधीच विकला गेला होता. त्यामुळे पाचवा होल आतल्या बाजूला ढकलावा लागला. ती जागा थेट १९९५मध्ये परत मिळाली. जॅक निक्लॉस यांनी आखलेला कड्यावरचा नवा पाचवा होल १९९८मध्ये सुरू झाला. आता चौथा ते दहावा, शिवाय सतरावा आणि अठरावा असे नऊ होल किनाऱ्यावर आहेत.

सर्वांत छोटा सातवा : जेमतेम १०६ यार्ड, म्हणजे क्रिकेटमधल्या एका लांब षटकाराएवढा. फटका उंचावरून खाली मारायचा. ग्रीनभोवती वाळूचे बंकर, पलीकडे समुद्र. वारा पडलेला असेल तर सोपा. १९९२च्या यूएस ओपनमध्ये अखेरच्या दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यात टॉम काइटचा चेंडू इथे ग्रीनबाहेर गेला. पुढच्याच फटक्यात त्याने तो थेट खड्ड्यात घातला आणि स्पर्धाही जिंकली.