अंगाला बसणारी नाव

रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग करून आलेल्यांना एक सूचना हमखास आठवते. राफ्ट प्रवाहात लोटण्यापूर्वी मार्गदर्शक बजावतो, ‘पाय नीट रोवून बसा.’ राफ्टला खुर्ची नसते. फुगीर कडेवर बसायचे आणि पाऊल आतल्या आडव्या नळीखाली रोवायचे. पाय सुटला की माणूस पाण्यात पडतो आणि पाय फार खोल रुतला, तर राफ्ट उलटल्यावर तो वेळेवर निघत नाही. खळाळत्या पाण्यात चालणाऱ्या प्रत्येक नावेची अंतर्गत रचना याच पेचाभोवती फिरते. नावेशी एकजीव व्हावे, पण क्षणात वेगळेही होता यावे. एकट्याने चालवायच्या कॅनोमध्ये हा पेच अधिक बिकट होतो.

कयाक आणि कॅनो यांत अनेकांची गल्लत होते. कयाकमध्ये पाय समोर पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे वापरतात. कॅनोमध्ये गुडघे टेकून बसतात आणि वल्ह्याला एकच पाते असते. ऑलिंपिकमधील स्लॅलम शर्यतीत दोन्ही प्रकार आहेत. 1972 मध्ये हा खेळ प्रथम ऑलिंपिकमध्ये आला आणि 1992 पासून तो नियमित झाला. महिलांची एकेरी कॅनो शर्यत मात्र 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून सुरू झाली. प्रवाहावर टांगलेल्या खांबांच्या फाटकांतून नाव न्यावी लागते. खांबाला स्पर्श झाला तर दोन सेकंदांचा दंड होतो. इतक्या नेमक्या हालचालीसाठी कमरेचा प्रत्येक झोक नावेपर्यंत पोहोचला पाहिजे. सैल बैठकीत निम्मा झोक वाया जातो.

आपल्याकडे असे पाणी मोजक्या ठिकाणी मिळते. कुंडलिकेचा प्रवाह वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. मध्य प्रदेशात महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेवर 2023 मध्ये ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धेतील कॅनो स्लॅलमच्या शर्यती झाल्या. बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या तरुणाला कोलाडपेक्षा महेश्वरच जवळचे. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाच्या परिसरात ओढ्यांना जोर येतो तो पावसाळ्यात, आणि पुराचे पाणी सरावासाठी नसते. पण नाव अंगाला बसवण्याचे काम खळाळत्या पाण्यावर करायचेच नसते. ते आधी जमिनीवर आणि मग संथ पाण्यात करायचे असते.

बैठकीची उंची

कॅनोमधील बैठक घोड्याच्या खोगिरासारखी असते. गुडघे दोन्ही बाजूंना टेकवून तिच्यावर बसायचे. उघड्या कॅनोत ती तळापासून साधारण सात ते नऊ इंच उंच ठेवतात. उंची वाढवली की घोटे आणि गुडघ्यांवरचा ताण कमी होतो, पण भारमध्य वर गेल्याने नाव डुगडुगते. उंची कमी केली की स्थैर्य वाढते, मात्र पाय लवकर बधिर होतात. बधिर पायांनी उलट्या नावेतून बाहेर पडणे अवघड, म्हणून ही केवळ सोयीची बाब नव्हे. बैठक पुढे-मागे कुठे बसवायची हेही महत्त्वाचे. माणूस बसल्यावर नाव पाण्यात समतल तरंगली पाहिजे. त्यासाठी बैठक आधी तात्पुरती ठेवून पाण्यात पाहावी आणि जागा ठरल्यावरच पक्की करावी.

साहित्य निवडताना गादीतला स्पंज टाळावा, कारण तो पाणी शोषतो. बंद छिद्रांचा घट्ट फोम हवा. तो करवतीने कापता येतो आणि पॉलिश पेपरने घासून आकार देता येतो. चिकटवताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून दोन्हीकडे गोंद लावावा, तो किंचित सुकू द्यावा आणि मग दाबावे. पॉलिथिलीनच्या नावेला साधा गोंद नीट धरत नाही, तिथे नट-बोल्टने आधार द्यावा लागतो. एकच नाव अनेक मुले वापरणार असतील, तर बाजूंना फोमचे पातळ थर काढता-घालता येतील अशी सोय करावी. वाढत्या वयाच्या मुलांना दर हंगामात माप बदलून लागते.

पट्टे, पाय आणि हवा

मांड्यांवरून जाणारे पट्टे माणसाला नावेत धरून ठेवतात. त्यांची ओढ मांडीच्या मध्यावर असावी. गुडघ्याच्या अगदी जवळ आल्यास ते निसटतात. बकल एका हाताने, न पाहता, ओले असतानाही सुटले पाहिजे. पट्ट्याचे मोकळे टोक लोंबू देऊ नये. गुडघ्यांखाली जाड गाद्या आणि पावलांच्या बोटांना टेकू हवा. मात्र बुटासकट पाऊल बैठकीखाली अडकत नाही ना, हे तपासावे. सैल दोरी नावेत कधीच ठेवू नये.

उरलेली जागा हवेच्या पिशव्यांनी भरतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. उघडी नाव पाण्याने भरली की तिचे वजन शेकडो किलो होते आणि ती खडकावर आदळली तर मध्ये सापडलेला माणूस चिरडला जाऊ शकतो. पिशव्यांनी व्यापलेल्या जागेत पाणी शिरत नाही. त्या चांगल्या बांधून ठेवाव्यात, नाहीतर नाव उलटताच त्या निसटतात.

अखेरची परीक्षा

सर्व काही बसवून झाल्यावर पोहण्याच्या तलावात किंवा परवानगी असलेल्या संथ पाण्यात, जीवरक्षक जाकीट आणि शिरस्त्राण घालून, जाणकार सोबती कमरेइतक्या पाण्यात उभा असताना नाव मुद्दाम उलटवावी. डोके खाली असताना पट्टा सोडून विनासायास बाहेर येता आले पाहिजे, आणि तेही एकदा नव्हे, अनेकदा. थोडीही अडचण जाणवली तर फोम कापावा, पट्टा सरकवावा आणि पुन्हा परीक्षा घ्यावी. नाव किती घट्ट बसली हे प्रवाहात लगेच कळते. ती किती सहज सुटते हे मात्र प्रवाहात उतरण्याआधीच कळलेले बरे.