मीचायची पिशवी
बोलायचं राहून गेलेलं : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण र. धों. कर्व्यांपाशी थांबलो होतो. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, दंड भरला. संततिनियमनाचा विषय मांडला तो मात्र कायम गणिताच्या मास्तरांच्या कडक सुरात. आज थायलंडला जाऊ. तिथे एका माणसानं हेच काम लोकांना हसवून केलं.

त्यांचं नाव मीचाय वीरवैद्य. आडनाव वाचून दचकू नका, थाई भाषेत संस्कृत अशी जागोजागी भेटते. वडील थाई, आई स्कॉटिश, दोघंही डॉक्टर. मुलगा मात्र डॉक्टर झाला नाही. १९७४ साली त्यांनी कुटुंबनियोजनाची संस्था काढली, तेव्हा देशाची लोकसंख्या वर्षाला जवळपास तीन टक्क्यांनी वाढत होती आणि खेड्यांतून डॉक्टर औषधालाही सापडत नव्हते. मग गर्भनिरोधक गोळ्या आणि कंडोम ठेवायचे कुठे? गावच्या वाणसामानाच्या दुकानात, केस कापणाऱ्याकडे, कुणा शेतकऱ्याच्या घरी.

पण ठेवून काय होतं? मागायला तोंड उघडलं पाहिजे ना! मीचायनी काय करावं, तर शिक्षकांच्या मेळाव्यात प्रत्येकाच्या हातात एकेक कंडोम दिला आणि फुगवायची शर्यत लावली. एरवी छडी हातात धरणारे गुरुजी गाल फुगवून लालबुंद होताहेत, कुणाचा मध्येच फटकन फुटतोय! एवढं झाल्यावर त्या रबराची भीती ती काय उरणार? बौद्ध भिक्षूंनी कंडोमवर मंत्रलेलं पाणी शिंपडलं. राजाच्या वाढदिवशी फुकट नसबंदीची जत्राच भरू लागली. (आणीबाणीतल्या सक्तीनंतर आपल्याकडे नसबंदी हा शब्द नुसता काढला तरी माणसं उठून जात.) बँकॉकमध्ये त्यांनी हॉटेल काढलं, त्याचं नाव ‘कॅबेजेस अँड कंडोम्स’. कोबी जसा कुठेही मिळतो तसा कंडोम मिळावा, म्हणून. जेवण झालं की बडीशेपेच्या जागी कंडोम.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती शब्दाची गोष्ट. थाई लोक कंडोमला ‘थुंग मीचाय’ म्हणू लागले, म्हणजे मीचायची पिशवी. (या नावातला ‘चाय’ म्हणजे आपला ‘जय’च.) आपल्याकडेही १९६८ मध्ये ‘निरोध’ आला, पंधरा पैशांना तीन, चहा-साबणाच्या कंपन्यांनी तो पार पानटपरीपर्यंत पोचवला. शब्द घरोघरी गेला, पण पुटपुटण्यापुरताच. गर्दी ओसरेपर्यंत केमिस्टकडे उगाच क्रोसिन मागत उभी राहिलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. काहींनी आरशातही.

थायलंडमध्ये मोकळं झालेलं तोंड पुढे एड्सच्या वेळी कामाला आलं. सरकार आधी पर्यटक पळतील म्हणून गप्प होतं. १९८९ मध्ये रात्चबुरी प्रांतात डॉ. विवात रोजनपिथ्याकोर्न यांनी नियम आणला : कुंटणखान्यात कंडोम नाही तर गिऱ्हाईक नाही, आणि तोही सगळीकडे एकदमच, म्हणजे गिऱ्हाइकाला शेजारचं दार उरत नाही. १९९१ मध्ये मीचाय मंत्री झाले आणि रेडिओ-टीव्हीवर तासातासाला एड्सची माहिती सुरू झाली. त्या वर्षी सुमारे १,४०,००० जणांना नव्यानं लागण झाली होती. २००३ मध्ये ही संख्या १९,००० च्या आसपास आली.

एवढं होऊनही शाळेच्या वर्गात गाडी अडलीच. तिथे रोग आणि गर्भधारणा एवढंच शिकवत राहिले. ‘नको’ कसं म्हणायचं, समोरच्याचं ‘नको’ कसं ऐकायचं, आवडणं-नावडणं, हे त्या फुगवलेल्या रबरात मावलं नाही. शेवटी २०१६ मध्ये किशोरवयीन गर्भधारणेवर कायदा करावा लागला. लैंगिक शिक्षण देणं शाळेवर बंधनकारक झालं आणि दिवस गेलेल्या मुलीला शिकत राहण्याचा हक्क मिळाला. पण वर्गात उभं राहून हे शिकवायचं कुणी? थाई शिक्षकांच्या त्या अडचणीकडे पुढच्या आठवड्यात येऊ.